मणेरणीची बोटं

४ नोव्हेंबर
उ.पो. १९८.
लातूरच्या शुगरच्या डॉक्टरनं वही घालायला सांगितली. रोज सकाळी उपाशीपोटी किती ते लिहायचं, आणि हातापायाला काय वाटतं तेही. घरी आमची दखनी, पण शाळा मराठी, म्हणून लिहायचं म्हणलं की मराठीच येतं. दहावी पास हाय मी. औशात आमच्या गल्लीत माझ्या वयाची दुसरी दाखवा.

आज त्यानं डोळे मिटायला लावले. म्हणला, बोटाला दोरा टेकवतो, कळलं की हाव म्हणा. मी वाट बघत बसले. बराच वेळ झाला, वाटलं फोन आला असंल त्याला. डोळे उघडले तर दोरा माझ्या बोटावर वाकलेला. म्हणला, भाभी, हे सातवं बोट.
मी म्हणले, मग जरा दाबून टेकवा की. तो हसला.

पायाचं माहीत होतं. चप्पल मागं राहते आणि मी पुढं जाते. हाताचं माहीत न्हव्हतं. न्हाई, वहीत खोटं कशाला, माहीत होतं. चार महिने झाले.

७ नोव्हेंबर
उ.पो. १८५. काल रात्री भात.

दुकान ह्यांचं. काचा म्हणजे बांगड्या; त्या आणणं, मांडणं, भाव सांगणं सगळं हे करतात. हात भरणं माझं. एकतीस वर्षं. लग्न होऊन आले तेव्हा सासनं पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर, बोलणं तिच्या लेकराबाळांवर, आणि ध्यान बोटात. हाताकडं बघायचं न्हाई. हात बघून भरते ती मणेरीणच न्हाई.

हात हातात आला की कळायचं. अंगठ्याखालचा गोळा दाबला की कळायचं दोन-चार मापाची जाईल का दोन-सहा. कापूस वेचलेला हात वेगळा, भाकरी थापलेला वेगळा. पोरीला दिवस गेलेत हे तिच्या सासूआधी मला कळायचं, हात मऊ पडतो, कोमट होतो. मी बोलायचे न्हाई. नुसती एक नंबर मोठी काढायचे.

आता सगळे हात एकसारखे. रबरी हातमोजा घालून भाजी चिरावी तसं.

११ नोव्हेंबर
उ.पो. १९०.
तसबीह ओढताना मणी सरकला का न्हाई कळंना. मोजणी चुकली. परत पहिल्यापासून. परत चुकली. शेवटी डोळे उघडे ठेवून मणी बघत बघत ओढली. अल्ला समजून घेईल. सासनं न्हाई घेतलं असतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
उ.पो. २०४. कारण हाय.

हे नमाजहून आले की ना.ला फोन लावतात. दर शुक्रवारी. ना. म्हणजे माझी लेक. पूर्ण नाव लिहायचं न्हाई असं ठरवलंय मी, वहीतसुद्धा. नांदेडला दिलीय. म्हणजे मी न्हाई दिली, ती गेली. तीन वर्षं झाली, मी फोनवर आले न्हाई आणि तिनं मला मागितलं न्हाई.
हे फोनचा आवाज मोठा करून बोलतात, बहिऱ्यासारखं. ह्यांना चांगलं ऐकू येतं. मी चुलीपाशी असते. मला पण चांगलं ऐकू येतं. दोघं कधी बोललो न्हाई यावर.

आज ती म्हणली, अब्बा, पाचवा महिना लागला.
दूध उतू गेलं. पातेलं उचललं हातानं, फडकं न घेता. खाली ठेवल्यावर बघितलं, दोन बोटं लाल.

१८ नोव्हेंबर
उ.पो. १८८. बोटांना फोड आलेत. दुखत न्हाईत, हीच तर पंचाईत.

तीन वर्षांमागचं लिहून टाकते, डोक्यात घोळण्यापेक्षा बरं.
माझ्या भावाला मी शब्द दिला होता, त्याच्या पोरासाठी. ना.नं लॅबचं शिकलेलं, रक्त काढायचं काम. नांदेडला नोकरी लागली. कामाला जाताना हातातल्या काचा काढून ठेवायला लागली. मणेराची लेक, मोकळे हात. त्यावरून रोज कटकट. मग एक दिवस म्हणली, मामाच्या घरी न्हाई, सोहेलशी करते. सोहेल तिच्याच लॅबमध्ये. पोरगा वाईट न्हाई, आता कळतं. तेव्हा मला फक्त माझा शब्द दिसत होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरायचा होता. ताट समोर, बाया समोर, तिनं हात पुढं केला. मी म्हणले, "तुझ्या हातात मी काच घालणार न्हाई. कधीच न्हाई."
औसा तालुक्यातल्या किती नवऱ्या मी भरल्यात, आणि पोटची पोर दुसऱ्यानं भरली. नांदेडचा कोणी मणेर बोलावला. मी लग्नाला गेले, बसले, जेवले न्हाई, आले.

२४ नोव्हेंबर
उ.पो. घेतली न्हाई. शिरूर अनंतपाळला लग्नघरी गेले होते पहाटेच.

झालं ते लिहिते. नवरी लहान चणीची, हात कडक. माझ्या अंदाजानं दोन-चार. उजवा भरला, बरा झाला. डाव्याला सहावी चढवताना ती ओरडली. मी म्हणले, अगं नवरीनं एवढं नाजूक असू नये, आणि रेटली. परत ओरडली. तिची आई पळत आली. खाली बघते तर काच मोडून अंगठ्याच्या बुडाशी रुतलेली, आणि मी वर दाबून राहिले.
बोटाला कळायला पाहिजे होतं. काच मोडताना बोटात आधी कळतं, कानाला नंतर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला दोन्हीकडून कळलं न्हाई. कान तर बायांच्या गाण्यात होता.

एक म्हातारी म्हणली, नवरीचं रक्त सांडलं बघा. बाकी कोणी काही म्हणलं न्हाई, ते जास्त लागलं. नवरीच्या आईनं हळद लावली, मलाच चहा दिला. चांगली माणसं.
घरी येऊन ह्यांना म्हणले, या खेपेचा माल खराब हाय. ह्यांनी अख्खी पेटी काढून एकेक काच वाजवून बघितली. एक बद्द वाजली न्हाई. पेटी परत लावून ठेवली.

२८ नोव्हेंबर
उ.पो. १७९.
आज शि. आली. शि. म्हणजे शिवकांता, समोरच्या किराणा दुकानाची. लिंगायताची, गळ्यात कायम लिंग, तोंडात कायम पान. दोघी एकाच वर्षी सून होऊन या बाजारात आलो. तिच्या हातात आजवर किती डझन भरल्या, हिशेब न्हाई.

बहिणीकडं नांदेडला गेली होती. बहिणीचं रक्त तपासायला नेलं तर सुई घेऊन समोर ना. शि. सांगत होती, "बहिणीची शीर कोणाला सापडत न्हाई, दवाखान्यात तीन-तीनदा टोचतात. तुझ्या पोरीनं नुसतं बोट फिरवलं, डोळे दुसरीकडंच, माझ्याशी बोलत बोलत. एका टोच्यात काढलं. अगं शमीम, मला वाटलं तूच बसलीस."
मी काच पुसत राहिले.

मग म्हणली, उजव्या हातात दोन काचेच्या हायेत तिच्या. डावा मोकळा. घड्याळ पण न्हाई. विचारलं तर म्हणली, डावा हात सगळ्यांना जमत न्हाई, काकू.
ते मला माहीत हाय. सात वर्षांची होती, सायकलवरून पडली. डाव्या अंगठ्याचं हाड हाडवैद्यानं बसवलं, ते वर बसलं. त्या हातात काच सरळ जात न्हाई. करंगळीकडून तिरकी घ्यायची, हाडापाशी आली की थांबायचं, अंगठा आत दुमडून श्वास सोडायला लावायचा, तेव्हा सरकते. सांगून येत न्हाई ते. बोटानं बोटाला कळतं.
लग्नात त्या मणेरानं डाव्यातल्या चार वाढवल्या म्हणे, फुटल्या म्हणायचं न्हाई आमच्यात. तेव्हापासून मोकळा.

अम्मी बरी हाय का, असं विचारलं म्हणे तिनं. शि.ला मी तीनदा विचारलं, नक्की असंच म्हणली का. तीनदा हाव म्हणली. चौथ्यांदा चिडली.

३ डिसेंबर
उ.पो. १८२.
नवीन उद्योग. काच तपासायला ओठ. बोटाला धार कळत न्हाई, वरच्या ओठाला कळते. गिऱ्हाइकाकडं पाठ करून, पेटीत वाकल्यासारखं करून, काच ओठावरून फिरवायची. कुठं टवका असला तर लगेच. ओठ अजून शाबूत हाय माझा. तोंड तर हायच शाबूत, हे म्हणतील.
मोठी काच का छोटी हे आता डोळ्यानं. सास बघत असंल तर माफ करावं.

१३ डिसेंबर, शुक्रवार
उ.पो. १७४. चांगली हाय. डॉ. खूश होईल.

फोन. सतवासा ठरला. सातव्या महिन्याची ओटी, आमच्यात माहेरानं करायची असते. आईनं हिरव्या काचा न्यायच्या, भरायच्या, मग पोरीला बाळंतपणाला घेऊन यायचं. १२ जानेवारी, रविवार. तिच्या सासरी, नांदेडला.
हे म्हणले, बेटा, कोण कोण येणार. ती म्हणली, "अब्बा, अम्मीला सांगा. काच भरली तर अम्मीनं भरायची. न्हाईतर माझे हात असेच राहू द्या. दुसरं कोणी नको."
तिला माहीत हाय मी ऐकते.

हे आत आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. मी म्हणले, मी बहिरी न्हाई. ते म्हणले, मग? मी म्हणले, जाईन की.
एवढंच बोलले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तीन वर्षं ज्यासाठी जीव टांगलेला, ते तिनं आपणहून दिलं. आणि द्यायची वेळ बघा.

१६ डिसेंबर
उ.पो. १८०.
शि.ला कळलं. तव्यावरची चपाती उलटताना बोट तव्याला लागून होतं, ती दारातून बघत होती. काढ की बोट, म्हणली. कुठलं, म्हणले मी. तिनं येऊन हात धरला, बोटं बघितली, जुने फोड, नवे फोड. कधीपासून, म्हणली. खोटं सांगायची सोय न्हव्हती.

नवऱ्याला सांगितलंस का? न्हाई. पोरीला? येड लागलं का तुला. ती म्हणली, येड तुला लागलंय. मग पान थुंकून आली, पाटावर बसली, दोन्ही हात पुढं केले. म्हणली, शिक परत. माझ्यावर शिक.

२१ डिसेंबर
उ.पो. १७१.
रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. शि.चे हात सुजरे, गाठी आलेल्या, वाईट. ना.चे पण आता सुजले असतील, सातव्यात सुजतात. म्हणून बरंय.
कान, डोळा, आणि मनगटाच्या वरचं कातडं, तिथं थोडं कळतं अजून. काच हाडापाशी अडली की किर्र असा बारीक आवाज येतो, आयुष्यात ऐकला न्हव्हता मी. गरजच न्हव्हती.
आज डझनात पाच वाढवल्या. एकीचा ओरखडा निघाला तिला. मी म्हणले, साबण लावू का. सुया टोच पण साबण लावू नको, म्हणली, बाजारात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई तुला. खरंय. साबण लावून तर कोणी पण भरतं.

३० डिसेंबर, येळवस
उ.पो. १९६. आणि आज साखर वाढणारच.

बाजार बंद, सगळं औसा रानात. शि.च्या शेतावर बोलावणं, दरवर्षी असतं. भज्जी, उंडे, आंबील. आंबील ना.ची आवडती, लहानपणी शि.च्या मडक्याशीच बसायची. आज दोन गडवे प्यायले तिच्या वाटणीचे.
हरभऱ्याचा शेंडा खुडला. पानावरची आंब जिभेला लागली, आंबटखारट. बोटाला ओलं लागायचं आधी, पहाटेच्या दहिवरानं. न्हाई लागलं. विहिरीच्या पाण्यात हात घातला. पाणी गार हाय हे पोरं ओरडत होती म्हणून कळलं.

बांधावर बसून शि.ला सांगितलं, कोणाला सांगितलं न्हव्हतं ते. म्हणले, मी म्हणले होते ना, तुझ्या हातात काच घालणार न्हाई, कधीच न्हाई. ऐकणाऱ्यानं ऐकलं बघ. बोटं काढून घेतली.
शि. म्हणली, तुझा अल्ला काय रिकामा हाय का, तुझी भांडणं ऐकत बसायला. मी हसले. पण मनातून जात न्हाई ते.

३ जानेवारी
उ.पो. १६८.
डॉ.नं हाताची मशीनवर तपासणी करून आणलेली बघितली. म्हणतो, दोन दुखणी हायेत एकावर एक. साखरेनं बोटांच्या टोकाच्या नसा गेल्यात, त्या येतील न येतील. पण मनगटात एक नस दबलीय, तीस वर्षं हात दाबून दाबून. ती छोट्या ऑपरेशननं मोकळी होते. लवकर केलं तर थोडं परत येईल. उशीर केला तर तेही न्हाई.
सर्जन ८ तारीख देत होता. मग हाताला पट्टी, तीन आठवडे काम बंद.
मी म्हणले, १२ नंतर. डॉ. म्हणला, भाभी, आधीच लई दिवस गेलेत. मी म्हणले, १२ ला माझं काम हाय. नांदेडला. असं कुठलं काम, म्हणला. हात भरायचाय, म्हणले. तो माझ्या हाताकडं बघत राहिला. २० तारीख लिहून दिली.

आता ह्यांना सांगावंच लागलं. सांगितलं. म्हणले, मला पेटी वाजवून बघितली त्याच दिवशी कळलं होतं.

१० जानेवारी
उ.पो. १७७.
काचा निवडल्या. हिरव्या, सोनेरी रेघेच्या, दोन डझन, दोन-सहा. डाव्यासाठी सहा दोन-आठ, सुजेला म्हणून. सगळ्या ओठावरून फिरवल्या. लाल साडीच्या पदरात गुंडाळून डब्यात.
ह्यांनी विचारलं, जमेल का. मी म्हणले, काल शि.ला डझनात एक वाढली फक्त. शि. म्हणजे शि. नाजू म्हणजे नाजू, म्हणले हे.
लिहिलं गेलं नाव. राहू दे.

१३ जानेवारी
उ.पो. घेतली न्हाई.
कालचं लिहिते. सगळं लिहिते.

हे आणि मी सकाळच्या गाडीनं लातूर, तिथून नांदेड. पूर्ण रस्ता डबा मांडीवर. घर लहान, माणसं बरी. तिच्या सासूनं दारातच गळाभेट घेतली, जशी काही आम्ही रोज भेटतो. नाजू आतल्या खोलीत चादरीवर बसलेली, फुलं माळलेली. पोट मोठं. तोंड भरलंय. माझ्याकडं बघितलं, सलाम अम्मी म्हणली. मी सलाम म्हणले. तीन वर्षांनी एवढंच सुचलं दोघींना.

बाया जमल्या. मी समोर बसले. उजवा हात दिला तिनं. डोळे हातावर ठेवून भरला, सासची माफी मागून. कान लावून, एकेक. बारा गेल्या. एक वाढली न्हाई. बाया म्हणल्या, वा. घामानं पाठ ओली झाली होती.
मग डावा.

डावा हात हातात घेतला. ज्या हातासाठी तीन वर्षं जीव तुटत होता, तो हातात आला आणि माझ्या हातात काहीच न्हव्हतं. कोमट हाय का गार, कळंना. ते वर बसलेलं हाड माझ्या अंगठ्याखालीच होतं, मला दिसत होतं, पण लागत न्हव्हतं. मी काच घेतली, तिरकी केली, करंगळीकडून. किती दाबू? कुठं थांबू? थांबले तिथंच. बाया बोलत होत्या, हसत होत्या. मी हात धरून बसून राहिले.

नाजूनं माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाई. माझ्या बोटांकडं बघत होती. रोज पन्नास माणसांची बोटं बघते ती. फोड, चट्टे, नखांचा रंग. मग हात सोडवून घेतला आणि हळूच, बायांना ऐकू जाऊ नये असं, म्हणली, "अम्मी, डोळे मीट."
मिटले.
"आता कळतंय?"
काय करू. एवढ्या दिवसांनी आले, न्हाई कसं म्हणू. हाव म्हणले. कळतंय, म्हणले.
"मी अजून हात लावलाच न्हाई, अम्मी."

डोळे उघडले तर तिचे भरलेले. मग आवाज मोठा करून सासूला म्हणली, चक्कर आल्यासारखं होतंय, डावा नंतर भरू, आणि मला धरून मागच्या खोलीत घेऊन गेली. कोणाला काही कळू दिलं न्हाई.
तिथं मात्र सोडलं न्हाई. कधीपासून, साखर किती, गोळ्या कोणत्या, पाय दाखव. पाय दाखवले. तळव्याला चिरा, तिनं बोट घातलं, मला कळलं न्हाई. ती रागावत होती आणि रडत होती. मी म्हणले, माझंच तोंड माझ्या हाताला लागलं, बेटा. काच घालणार न्हाई म्हणले होते, घालता येईना.
ती म्हणली, "अम्मी, बोलण्यानं नस मरत न्हाई. साखरेनं मरते." मग म्हणली, "दोन वर्षांमागं फोन केला असतास तर मी तेव्हाच..."
पुढचं बोलली न्हाई. मला येतं पुरं करता.

मी म्हणले, साबण लावून भरते डावा. हे माझ्या तोंडून निघालं, आयुष्यात पहिल्यांदा. ती म्हणली न्हाई. म्हणली, एवढे दिवस मोकळा ठेवलाय, अजून थोडा राहील. ऑपरेशन कर, बोटाला कळायला लागलं की भर.
आणि न्हाई कळलं तर? हे मी मनात म्हणले.

ती आमच्याबरोबरच आली, रीतीप्रमाणं. गाडीत माझ्या खांद्यावर झोपली. खांद्याला कळतं अजून. लातूर येईपर्यंत हललेच न्हाई.

१९ जानेवारी
उ.पो. १५२. नाजूनं स्वतः घेतली. भात बंद, पाय रोज बघणार, तव्यापाशी जायचं न्हाई. पोर न्हाई, इन्स्पेक्टर आणलाय घरात. शि. दारात उभी राहून हसत होती, आता सापडली म्हणे हिला हिच्या तोडीची.
उद्या ऑपरेशन. भ्याले न्हाई असं लिहीत होते, खोडलं.

२७ जानेवारी
डाव्या हातानं लिहिते. उ.पो. १४९. ऑपरेशन झालं. अक्षर बघू नका. मनगटाला पट्टी, बोटं मोकळी. मुंग्या येतात. डॉ. म्हणतो मुंग्या चांगल्या. बघू.

४ फेब्रुवारी
उ.पो. १४४. डावा हातच अजून.
टाके निघाले. काल अंगठ्यापाशी सुई टोचल्यासारखं झालं क्षणभर, नंतर न्हाई. सर्जन म्हणला, महिने लागतात, कधी येतं, कधी न्हाई येत. नाजू म्हणली, तुम्ही न्हाई म्हणू नका हो डॉक्टर, आम्ही बघू. तिचा डावा हात मोकळाच हाय. बाजारातल्या बाया बघतात, मणेराच्या घरात येऊन पोरीचा हात मोकळा. बघू दे.

सकाळी ओट्यावर बसलो होतो दोघी, उन्हात. तिनं एकदम माझा हात ओढून पोटावर ठेवला. पट्टीतून बाहेर आलेली बोटं. म्हणली, "अम्मी, लाथ मारली. कळली?"
तिचं तोंड असं झालं होतं की कोणीही हाव म्हणलं असतं.
"न्हाई," म्हणले मी.
तिनं हात काढला न्हाई. आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला, दाबून धरला. "बरं. थांब, परत मारेल."
मी थांबले. ह्यांनी तोवर दुकान उघडलं.